तव्यावरचा कॅमेरा

[पहाट. सुरूच्या झाडांच्या काळ्या रेघा, मागे फिकट आभाळ. वीस सेकंद फक्त लाटांचा आवाज.]

आक्षी. अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की नागावच्या अलीकडे. या गावाला बरेच जण ओळखतात ते शके ९३४च्या मराठी शिलालेखामुळे. तो या फिल्ममध्ये नाही, कारण आम्ही गावातून गेलो तेव्हा मिट्ट काळोख होता.

आज बुधवार, पण वाराला इथे किंमत नाही. आज द्वादशी आहे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. बारा पाऊणे नऊ. ज्यांनी शाळेत पाऊणकी पाठ केली, त्यांना पंचांग पुरायचं. आम्ही मोबाइलवर भरतीचा तक्ता बघतो आणि तोही साधारण तेच सांगतो.

पक्ष्यांच्या फोटोंसाठी नऊची भरती आपल्याला का हवी? पाणी चढतं तसा ओल्या वाळूचा पट्टा अरुंद होत जातो, आणि त्यावर चरणारे पक्षी आपसूक आपल्याकडे सरकतात. आपण हलायचं नाही. ओहोटीला आलात तर पक्ष्यांमागे तंगडतोड कराल आणि घरी न्याल ते पाठमोरे फोटो.

[क्लोज-अप : वाळूवर तवा, तव्यात बीन बॅग (लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी), बीन बॅगेवर लेन्स.]

हो, तवाच. डोशाचा, कोटिंग उडालेला. घरून परवानगी घेऊन आणलेला. तो ओल्या वाळूवर होडीसारखा सरकतो आणि वाळू कॅमेऱ्यात जात नाही. ट्रायपॉड गाडीतच राहिला, कारण आपली नजर पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर हवी आणि सँडरलिंग या किनाऱ्यावरच्या छोट्या पक्ष्याचा डोळा जमिनीपासून वीतभरही वर नसतो. म्हणून हे पालथं पडणं.

उभ्याने काढलेला फोटो आणि पालथं पडून काढलेला फोटो, दोन्ही शेजारी ठेवले आहेत. पहिल्यात पक्ष्यामागे हातभर अंतरावरची वाळू आहे, तिचा कण न् कण दिसतो. दुसऱ्यात मागे थेट समुद्र, तोही लांबचा, विरघळलेला. कॅमेरा तोच, लेन्स तीच, ६०० मिलिमीटरची.

[सँडरलिंगचा थवा, लाटेबरोबर मागे-पुढे. संथ गती.]

हा सँडरलिंग, तुतवारांच्या कुळातला. लाट ओसरली की तिच्या मागे धावतो, लाट फिरली की तिच्या पुढे. त्या दोन-चार सेकंदांत ओल्या वाळूतून जे मिळेल ते टिपायचं. पाय नीट बघा, मागचं बोट नाही. त्याच्या कुळातल्या बाकीच्यांना ते असतं. वीण उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. आपल्याकडे तो हिवाळ्यापुरता.

पाय असे चालत असताना शटरचा वेग १/२५०० सेकंदाच्या खाली उतरवून चालत नाही. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, मात्र मुद्दाम थोडं कमी. सूर्य आपल्या पाठीमागून, सुरूच्या शेंड्यांवरून येतो आणि या पांढऱ्या पोटावर थेट पडतो. काळोखातलं नंतर उचलता येतं. जळलेलं पांढरं परत येत नाही. नऊनंतर वाळू तापते, हवा थरथरायला लागते आणि पक्ष्याची कड पाण्यात पाहिल्यासारखी हलते. त्यावर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये औषध नाही. तेव्हा चहा.

[संगणकाचा पडदा. फोटोंची लांबलचक रांग भराभर सरकते.]

अकराशे चाळीस फोटो. डोळा तीक्ष्ण नाही, तो गेला. चोच पिसांत लपली, तोही गेला. रात्री उरले नऊ.

हा त्यातला एक. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने रंग-उजेड न सजवता साठवलेला फोटो, मरगळलेली दिसते, ती तशीच दिसायची. आधी लाटेची रेघ सरळ. मग रंग. ओली वाळू आभाळ परावर्तित करते, त्यामुळे पक्ष्याच्या पोटावर निळी झाक येते. सगळ्या फोटोतला निळा कमी केला तर समुद्र मळका होतो, म्हणून फक्त पोटावर मास्क, म्हणजे बदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारी निवड, आणि तेवढाच निळा उतरवलेला. शार्पनिंगही पक्ष्यापुरतंच, नाहीतर वाळू खडीसाखरेसारखी चमकायला लागते.

आणि क्रॉप. कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा आहे. चित्राचा तिसरा भाग ठेवला तरी १५ उरतात. ए-फोर आकाराच्या चांगल्या छपाईला ९ पुरतात. म्हणजे पक्षी फ्रेममध्ये लहान दिसला तरी चालतो. पक्ष्याच्या दिशेने पुढची वीस पावलं टाकायची गरज नव्हती. ‘एडिटिंग म्हणजे फसवणूक’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की तुम्ही ती वीस पावलं टाकता का?

[जुनं फुटेज. एक माणूस कॅमेरा रोखून चालत येतो. विसावलेला थवा उठतो. आवाज बंद.]

तीन वर्षांपूर्वी. चालणारा मीच.

भरतीला हे पक्षी एका पायावर उभे राहून विसावतात. दर वेळी उठवलं की परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्ची पडते.

[पुन्हा संगणकाचा पडदा.]

नवांपैकी सातव्या फोटोत चिखल्या या किनाऱ्यावरच्याच दुसऱ्या पक्ष्याच्या शेजारी नायलॉनच्या जाळ्याचा हिरवा तुकडा आहे. तो एका क्लिकमध्ये पुसता येतो. बघा, गेला. आणि हा परत आणला. मी सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसतो, कारण ते किनाऱ्यावर नव्हते. जाळं होतं.

आठव्यात आणखी एक गंमत. पायापाशी हे काय चिकटलंय? पहिल्या नजरेला मी याला कचराच समजलो होतो. सावली थोडी उचलली. अजून थोडी. ही कड सरळ आहे, निसर्गात अशी सरळ कड नसते. हा झेंडा आहे. पक्षी कुठून कुठे जातात हे कळावं म्हणून अभ्यासक त्यांच्या पायात असे प्लॅस्टिकचे रंगीत झेंडे बसवतात. आपल्याकडे हे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ सालची संस्था, करत आली आहे. झेंड्यावर अक्षरं असतात. ती लांबून वाचता आली, तर पक्षी पुन्हा पकडावा लागत नाही.

[पडद्यावर फक्त पाय, झेंडा. स्लायडर हळूहळू सरकतो.]

पहिलं अक्षर वाचता येतंय. दुसऱ्यावर वाळूचा कण बसलाय. लगेच पुढचा फोटो घेऊ, त्यात पक्ष्याने पाय उचलला आहे. इथे कण नाही, पण झेंडा तिरका.

दोन्ही फोटो, तारीख, वेळ आणि जागा रात्रीच सोसायटीकडे पाठवली. न कापलेले, रॉ फाइलसकट.

[पहाटेचा किनारा. तवा वाळूवर पालथा. सँडरलिंग त्याच्या बाजूने पळत जातो.]