हालचाल रजिस्टर

(पडद्यावर: सकाळचे सव्वादहा. नाडकचेरीचा, म्हणजे गावांच्या एका गटासाठीच्या महसूल कार्यालयाचा, व्हरांडा, भिंतीला टेकवलेल्या भिजक्या छत्र्या, एक लांब बाक.)

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे जुलैत पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही, आणि अशा दिवसांत सकाळची वस्तीची बस चुकली तर सरकारी काम त्या दिवशी होणार नाही असेच धरायचे असते. बाकावर बसलेल्या या बाई त्याच बसने आल्या आहेत. मुलीला बेळगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे, शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडायचा आहे, आणि आधार, रेशन कार्ड यांच्या झेरॉक्स त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी लागू न देता आणल्या आहेत. आत तीन टेबले आहेत. एकावर माणूस आहे, एकावर संगणक झाकून ठेवला आहे आणि तिसऱ्यावर एक लांबट वही उघडी पडली आहे.

कन्नडमध्ये तिला ‘चलनवलन वही’ म्हणतात. मराठीत आपण हालचाल रजिस्टर म्हणतो. कामाच्या वेळेत कार्यालयाबाहेर पडणाऱ्या कर्मचाऱ्याने कोठे जातो, कशासाठी जातो, किती वाजता निघालो आणि किती वाजता परतलो हे तिच्यात लिहून सही करायची असते. आज पहिल्या ओळीत ‘तालुक्याला मीटिंग’ असे लिहिले आहे, निघण्याची वेळ 10.05 अशी आहे आणि परतण्याचा रकाना रिकामा आहे. आधीच्या दहा-बारा ओळींतही तो रिकामाच आहे; म्हणजे केवळ नोंदीवर विश्वास ठेवायचा, तर गेल्या पंधरवड्यात मीटिंगला गेलेले कोणीही अद्याप परतलेले नाही.

बेळगाव जिल्हा 13,415 चौरस किलोमीटरचा आहे आणि 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 47 लाखांच्या वर होती. एवढ्या पसाऱ्यात सामान्य माणसाचा सरकारशी संबंध येतो तो डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत, किंवा बेळगावच्या सुवर्ण विधानसौध या विधिमंडळाच्या इमारतीत नव्हे, तर होबळीच्या, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या, नाडकचेरीत, तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीच्या पीडीओकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडे. या तीन ठिकाणी काम वेळेवर झाले, तर राज्यकारभार चांगला चालला आहे असे लोक समजतात. तेथे शिस्त आणायची म्हणजे नेमके काय करायचे, हा या चित्रफितीचा विषय आहे.

शिस्त म्हटले की वरिष्ठांना आधी हजेरी आठवते. राज्य सरकारी कार्यालयांची वेळ सकाळी 10 ते सायंकाळी 5.30 आहे, ती पाळली जावी म्हणून आधी मस्टर होते, मग अंगठ्याचे यंत्र आले. माणूस वेळेवर यावा, यात वाद नाही. पण अंगठा लावून चहाला गेलेला कर्मचारी यंत्राच्या लेखी दिवसभर हजरच असतो. येथे एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामावर चर खोदणाऱ्या मजुरांची हजेरी, ठिकाणाच्या नोंदीसह दिवसातून दोन वेळा फोटो काढून मोबाईलवर नोंदवण्याची सक्ती 1 जानेवारी 2023 पासून करण्यात आली. फोटो चढला नाही तर मजुरी अडकण्याची भीती. त्याच मजूर बाईचा अर्ज पंचायतीत कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे, याची मात्र तितकी काटेकोर नोंद कोणी मागत नव्हते.

माणसाच्या हालचालीपेक्षा कागदाची हालचाल लिहून ठेवली तर काय घडते, याचे उदाहरण याच राज्यात आहे. 2000 सालच्या आसपास ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे 67 लाख खातेदारांच्या दोन कोटींच्या आसपास जमीन नोंदी संगणकावर घेण्यात आल्या आणि तलाठ्याच्या हाताने लिहिलेला उतारा इतिहासजमा झाला. उतारा 15 रुपयांत खिडकीवर मिळू लागला, हे लोकांच्या लक्षात राहिले. त्याहून महत्त्वाची गोष्ट आत होती. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकालात काढण्याचे बंधन त्या प्रणालीत घातलेले होते, आणि आत शिरताना अधिकाऱ्याला बोटाचा ठसा द्यावा लागत असे, त्यामुळे सही कोणी केली हे नंतर नाकारता येत नव्हते. वशिल्याचा कागद वर सरकवणे हा जो जुना आणि फायदेशीर उद्योग होता, तो निदान त्या एका टप्प्यावर अवघड झाला. हे निलंबनाच्या धाकाने नव्हे, प्रणालीच्या रचनेने घडले.

(पडद्यावर: खिडकीतून बाहेर आलेली पोचपावती. तिच्यावरचा आकडा जवळून.)

पुढचे मोठे पाऊल म्हणजे ‘सकाल’, ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याची योजना. कर्नाटक नागरिक सेवा हमी कायदा 2011 साली झाला आणि 2 एप्रिल 2012 पासून तो राज्यभर लागू करण्यात आला. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण जेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तेथे प्रत्येक सेवेपुढे दिवसांचा आकडा लिहिला गेला. अर्ज घेतला की अर्जदाराला पंधरा अंकी क्रमांकाची पोच मिळते. मुदत टळली तर अपील करता येते, आणि उशिराबद्दल दररोज 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई संबंधित कर्मचाऱ्याकडून वसूल करून अर्जदाराला देण्याची तरतूद आहे. रक्कम लहान आहे. पण ती सरकारी तिजोरीतून न जाता कर्मचाऱ्याच्या खिशातून जाते, आणि आपल्या नावावर अशी नोंद होऊ नये असे बहुतेकांना वाटते, यातच तिचे बळ आहे.

या कायद्याला पळवाट आहे ती खिडकीच्या अलीकडे. मुदतीचे घड्याळ पोच दिल्यापासून चालू होते. तेव्हा पोचच दिली नाही, तर उशीरही होत नाही. ‘रेशन कार्डावरचे नाव बघून या’, ‘तलाठ्यांना आधी भेटून या’, ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘नाळे बन्नी’, म्हणजे उद्या या. सीमाभागातला माणूस हे वाक्य दोन्ही भाषांत सारखेच ओळखतो. कागदावर त्या कार्यालयाची मुदतीत काम करण्याची टक्केवारी उत्तम दिसते आणि व्हरांड्यातली गर्दी मात्र हटत नाही. म्हणून तपासणीला येणाऱ्या तहसीलदारांनी संगणकातला अहवाल पाहण्याआधी दहा मिनिटे बाकावर बसावे आणि तेथील माणसांना एकच प्रश्न विचारावा, की तुम्ही कितव्यांदा आलात. ज्याच्याकडे पोच नाही आणि जो तिसऱ्यांदा आला आहे, त्याची नोंद कोणत्याही अहवालात नसते.

अर्ज परत जाण्याचे सीमाभागातले एक खास कारण आहे, आणि ते कोणाच्या आळसातून आलेले नाही. उताऱ्यावरचे नाव कन्नडमध्ये, शाळेच्या दाखल्यावरचे मराठीत आणि आधारवरचे इंग्रजीत असते. ज्ञानेश्वर हे नाव घ्या. मराठी माणूस ते इंग्रजीत ‘डी’ने सुरू करतो, कन्नड नोंदीवरून इंग्रजीत उतरवताना तेच ‘जे’ने किंवा ‘जी’ने सुरू होते. माणूस एक, शेत एक, पण संगणकाच्या दृष्टीने दोन व्यक्ती. मग प्रतिज्ञापत्र करा, स्टॅम्प आणा, पुन्हा रांगेत उभे राहा. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव, तिकडे भालकी आणि कारवारपर्यंत हा अनुभव घराघरांत आहे. खिडकीवर दोन्ही भाषा जाणणारा एक कर्मचारी बसवला आणि अर्जासोबत काय काय लागते याचा फलक कन्नडबरोबर मराठीतही लावला, तर निम्म्या फेऱ्या वाचतील असे आमचे मत आहे. याकडे भाषेचा वाद म्हणून पाहण्याची गरज नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार तक्रारीचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहेच. प्रश्न ते निवेदन वाचणारा माणूस टेबलावर आहे की नाही, एवढाच उरतो.

(पडद्यावर: मोटारसायकलवरून जाणारा तलाठी. डिकीत फायलींचे गाठोडे.)

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. तलाठ्याला स्वतःचा सज्जा असतो, आणि शेजारचे पद रिकामे असले की त्या गावांचा अतिरिक्त कार्यभारही त्याच्याकडे येतो. पीक पाहणी, मतदार यादी, पेन्शनधारकांची पडताळणी, यात्रेचा बंदोबस्त, आणि हिवाळ्यात विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात भरले की त्याची व्यवस्था, ही सर्व कामे तीच माणसे करतात. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा एकाच वेळी फुगल्या, तेव्हा रात्री-अपरात्री लोकांना छावण्यांत हलवणारे, आणि पाणी ओसरल्यावर चिखलात उभे राहून पडलेल्या घरांची अ, ब, क अशी वर्गवारी करणारे हेच कर्मचारी होते. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाखांची मदत जाहीर झालेली असल्याने त्या एका अक्षराला केवढी किंमत होती आणि त्यावरून किती तक्रारी उठल्या असतील, याची कल्पना करता येते. ज्या कार्यालयाला संकटात रात्र जागवता येते, त्याला एरवी दुपारी जाग का राहत नाही, हा प्रश्न विचारताना पुरातल्या कामाची वेगळी नोंद कोणाच्या सेवापुस्तकात झाली का, हेही विचारायला हवे.

कर्मचाऱ्यांच्या कामाचे वार्षिक मूल्यमापन करण्यासाठी कर्नाटकात 1994 चे नियम आहेत. शेरा चांगला असो वा वाईट, तो संबंधिताला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात 2008 साली सांगितले. तरीही पुष्कळ ठिकाणी हा अहवाल एक उपचार होऊन बसतो. सर्वांना ‘चांगला’ लिहून टाकले की कोणी तक्रार करत नाही. मग दिवसाला चाळीस अर्ज हातावेगळे करणारी मुलगी आणि दिवसभर मोबाईल पाहणारा तिचा शेजारी कागदावर सारखेच ठरतात. त्या मुलीने दुसऱ्या वर्षीही चाळीस अर्ज का काढावेत, याचे उत्तर वरिष्ठांकडे नसते.

टेबल साफ ठेवण्याची विद्या मात्र आपल्याला शेजाऱ्यांकडून घेता येईल. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयातले अभिलेख वर्गवारी करून लावले, बैठक व्यवस्था बदलली आणि कामाची एक पद्धत घालून दिली, जी महाराष्ट्रात आजही ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते. सहा गठ्ठ्यांची पद्धत म्हणतात ती याच घरातली. टेबलावरचे सर्व कागद सहाच गठ्ठ्यांत बसले पाहिजेत: आपल्याकडे कार्यवाही बाकी असलेली प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, ठरावीक काळाने पाठवायचे अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जाणारे कागद आणि नष्ट करायचे कागद. वाचताना हे घरगुती शहाणपणाइतके सोपे वाटते. प्रत्यक्षात एखादे कपाट रिकामे करायला घ्यावे. वरच्या थरात या वर्षीचे अर्ज, मधल्या थरात बदलून गेलेल्या कारकुनाने न सांगता ठेवलेली प्रकरणे, आणि तळाशी वाळवीने अर्धा खाल्लेला एक वारसा नोंदीचा अर्ज, ज्याचा अर्जदार एव्हाना हयात असेलच असे नाही. पहिल्या दोन गठ्ठ्यांतला भेद कळला तरी निम्मे काम होते, कारण ‘वरून उत्तर आले नाही’ ही सबब मग तारीख लिहूनच सांगावी लागते. महाराष्ट्राने 2005 च्या कायद्याने कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असे ठरवले आहे. चंदगड-गडहिंग्लजकडचे आपले पाहुणे यावर हसतील, कारण कायदा झाला म्हणून तिकडची कपाटे आपोआप रिकामी झालेली नाहीत.

शिक्षेचा विषय शेवटी येतो, आणि तो शेवटीच असावा. 1957 च्या कर्नाटक नागरी सेवा नियमांत ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत शिक्षांची उतरंड आहे. मोठ्या शिक्षेपूर्वी दोषारोपपत्र, लेखी उत्तर आणि चौकशी बंधनकारक आहे, आणि नियम 14-अ नुसार चौकशी लोकायुक्तांकडे सोपवता येते. वर्तमानपत्रात गाजते ते निलंबन, पण नियमाने ती शिक्षाच नव्हे. घरी बसलेल्या कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता मिळतो, त्याचे काम शेजारच्या टेबलावर पडते आणि दोषारोपपत्र तयार करायला कोणाला सवड होत नाही. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली बजावले ते यासाठीच. लाच मागणाऱ्याला कडक शिक्षा व्हावीच. पण रोज पाऊण तास उशिरा येणाऱ्याला पहिल्याच महिन्यात दिलेली एक लेखी समज, पाच वर्षांनंतरच्या गाजावाजा केलेल्या कारवाईहून अधिक उपयोगी पडते. ती देणे वरिष्ठांना अवघड जाते, कारण समोरासमोर बसून रोज त्याच माणसाचा चेहरा पाहायचा असतो.

(पडद्यावर: दुपार. पाऊस थांबलेला. बाक जवळजवळ रिकामा.)

साडेबारा वाजता संगणकावरचे कापड निघाले. सर्व्हर दोनदा बंद पडला, रेशन कार्डावरच्या आडनावातले एक अक्षर कारकुनाने आधारशी ताडून पाहिले आणि कागद परत न करता स्वीकारले. पावणेदोनला बाईंच्या हातात पोच आली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. छापील मजकूर कन्नडमध्ये होता. ‘पुन्हा कधी यायचं, भाऊ?’ असे विचारल्यावर खिडकीतल्या माणसाने पावती परत घेतली, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने देवनागरीत तारीख लिहिली आणि म्हणाला, ‘त्याआधी येऊ नका, मावशी. फुकट हेलपाटा होईल.’ बाईंनी पावती पिशवीत ठेवली आणि तीनची बस आहे का, एवढेच विचारले.

मीटिंगला गेलेले साहेब पाच वाजून दहा मिनिटांनी आले. छत्री टेकवून त्यांनी हालचाल रजिस्टर पुढे ओढले आणि, आमचा कॅमेरा चालू होता म्हणून असेल, परतण्याच्या रकान्यात वेळ लिहून सही केली. वरच्या ओळी तशाच राहिल्या.