खेळणं कुणासाठी?

श्रोतेहो, नमस्कार.

सावंतवाडीच्या चितार आळीत शिरलं की लाकडी आंबे, केळी, भातुकलीची भांडी बघून मुलांचे हात आपोआप पुढे होतात. माझ्या चौथीच्या वर्गासाठी मी तिथून पाच खेळणी आणली, बाजारातून दोन प्लास्टिकची घेतली आणि मुलांना म्हटलं, यातलं अंगणवाडीतल्या पोरांसाठी कोणतं चांगलं, ते शोधून काढा.

पहिल्या दिवशी मुलं वह्या घेऊन गेली आणि त्या चिमुकल्यांना विचारत सुटली, "आवडलं?" सगळ्यांनी सगळ्याला "हो" म्हटलं. सात खेळणी, सातही आवडती! ही फसगत मला फार मोलाची वाटली. मग मुलांनीच ठरवलं, आता विचारायचं नाही, बघत बसायचं. कोण काय आधी उचलतं, टाकून दिल्यावर परत कशाकडे वळतं? दर वेळी वहीत एक रेघ. चकचकीत मोटार बहुतेकांनी आधी उचलली, पण सगळ्यात जास्त रेघा पडल्या भातुकलीला. टोपात माती भरता येते, पानं भरता येतात, शंखसुद्धा शिजवता येतात!

मग सुरक्षिततेकडे वळलो. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मोटारीच्या खोक्यावर तो सापडला, लाकडी खेळण्यांवर नाही. झालं, मुलांनी ती नापास करून टाकली. नोंदणीकृत हस्तकारागिरांना या नियमातून सूट आहे, हे मी सांगितल्यावर वर्ग विचारात पडला. आता तपासायचं कसं?

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी असते. त्यात जो भाग पूर्ण मावतो, तो घशात अडकण्याचा धोका. आम्ही पुठ्ठ्याची साधारण तेवढीच नळी केली. भातुकलीतला सगळ्यात लहान पेला त्यात अख्खा गेला, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पेलो गळ्यात अडाकतलो!"

म्हणजे सगळ्यात लाडक्या खेळण्यातच धोका निघाला. त्या दिवशी तासभर वाद चालला. एक म्हणे, भातुकली वाईट. दुसरी म्हणे, अंगणवाडीतली पोरं मोठी आहेत, त्यांना चालेल. तिसऱ्याच्या घरी रांगणारा भाऊ, तो अडून बसला: पोरं खेळणं घरी नेणार, मग ते घरच्या रांगणाऱ्या भावंडाच्याही हाती पडणार. शिक्षकांनो, असा वाद चालू असेल तर कृपा करून मध्ये पडू नका. उत्तर आपण सांगून टाकलं की मुलं विचार करायचं थांबवतात. अखेर त्यांनी ठरवलं, भातुकली द्यायची, पेला काढून.

गणपतीच्या सुट्टीनंतर मुलं चितार आळीतल्या कारागिरांना भेटणार आहेत. प्रश्न लिहून तयार आहेत. पेला मोठा करता येईल का, हा पहिला. दुसरा त्या रांगणाऱ्या भावाच्या दादाचा, कारण श्रावणात आमच्या लाकडी गाडीचं चाक फिरेनासं झालं: पावसात लाकूड फुगतं, तर चाकाचं भोक किती मोठं ठेवायचं?