ही एकच, मग बंद

नमस्कार मंडळी. आज सिगारेटवर बोलायचंय, पण लगेच रेडिओ बंद करू नका, फुफ्फुसं काळी होतात वगैरे सांगून घाबरवायचा माझा काही बेत नाही. ते सगळं पाकिटावर चित्रासकट छापलेलंच असतं, आणि ओढणारा माणूस काय करतो, पाकीट खिशातून काढताना चित्र तळहाताखाली झाकतो, सिगारेट काढतो आणि पाकीट परत खिशात सरकवतो. हे सगळं बोलता बोलता, हाताला इतकं वळण पडलेलं असतं की त्याचं त्यालाही कळत नाही.

म्हणजे धोका माहीतच नाही असं काही नसतं. किप विस्कुसी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास अमेरिकेतली आकडेवारी मांडली होती, लोकांना विचारलेलं की सिगारेट ओढणाऱ्या शंभर जणांपैकी कितीजणांना फुफ्फुसाचा कॅन्सर होईल, तर लोकांनी, अगदी ओढणाऱ्यांनीसुद्धा, प्रत्यक्षापेक्षा जास्तच आकडा सांगितला. यावरून कुणी म्हणेल, बघा, सगळं समजून उमजून ओढतायत की. पण पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने यातली मेख बरोबर पकडली. आकडा सांगताना माणूस आयुष्यभराचा हिशोब करतो, ओढताना मात्र समोर फक्त एक सिगारेट असते, आणि या एकीने मला काय होणारे? कुठल्याही एका सिगारेटकडे बोट दाखवून हिच्यामुळे कॅन्सर झाला असं सांगता येतच नाही ना. आणि सगळा घोळ इथेच आहे, कारण रोज वीस म्हणजे वर्षाला सात हजारांच्या वर होतात, आणि त्यातली प्रत्येक "ही एकच" म्हणूनच पेटवलेली असते.

बरं, कमी ओढणारे आणखी निवांत. पूर्वी वीस होत्या, आता रोज एकच, म्हणजे धोकाही विसावा हिस्सा, असं गणित आपोआप मांडलं जातं. पण २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक आढावा आला, त्यात दिसलं की वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो त्याच्या जवळजवळ निम्मा धोका रोज एक ओढणाऱ्यालाही असतो. निम्मा! कॅन्सरचं गणित वेगळं आहे, तिथे कमी ओढल्याने धोका बऱ्यापैकी कमी होतो, पण हृदयाला असली सूट मंजूर नाही.

"लाइट" सिगारेटची गंमत तर त्याहून भारी. फिल्टरच्या कागदाला बारीक बारीक भोकं पाडलेली असायची, इतकी बारीक की सहज दिसणार नाहीत, आणि झुरका घेताना त्यातून हवा मिसळून धूर पातळ व्हायचा. टेस्टिंगच्या मशीनमध्ये आकडा एकदम छान यायचा. मशीनला बोटं नसतात पण, माणूस धरतो तेव्हा ती भोकं बोटांनी नाहीतर ओठांनी झाकली जातात, आणि वर निकोटिन कमी पडलं की तो नकळत झुरका जोरात आणि खोल घेतो. झाली बरोबरी, पण मनाला समाधान की मी आपली हलकी ओढतो.

आणि मग येतात आजोबा. असे एक आजोबा प्रत्येकाच्या ओळखीत असतात, नव्वदीपर्यंत ओढत होते आणि ठणठणीत होते. खोटं नाही हो ते, फ्रान्सच्या जान काल्माँ बाई १२२ वर्षं जगल्या आणि शंभरी उलटल्यावरही ओढायच्या. पण जे पन्नाशीतच गेले ते नव्वदीचा किस्सा व्हायला उरलेच कुठे? रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांवरच एक अभ्यास सुरू केला, तो पन्नास वर्षं चालला आणि त्यात निघालं की ओढत राहिलेले कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. पण सरासरी कुणाला आठवते, आजोबा आठवतात.

हुशार लोक यातून सुटतात असंही समजू नका. रोनाल्ड फिशर, आजचं स्टॅटिस्टिक्स ज्या थोड्या लोकांनी उभं केलं त्यातले एक, स्वतः पाइप ओढायचे आणि सिगारेटने कॅन्सर होतो हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. म्हणायचे, असं एखादं जनुक असेल ज्यामुळे सिगारेटची आवडही लागते आणि कॅन्सरही होतो. नुसता तर्क म्हणून तो चुकीचा नव्हता, पण तंबाखू कंपन्यांचे सल्लागारही तेच होते, आणि समोर पुरावा वाढत असताना यांची शंका काही तसूभर हलेना. मला वाटतं बुद्धी जास्त असली की सबबीही जास्त चांगल्या सुचतात, बाकी काही नाही.

अजून एक गोष्ट बघा, "उद्यापासून बंद" हे माणूस कधी म्हणतो? बहुतेक वेळा सिगारेट विझवता विझवता. तलफ भागलेली असते, त्यामुळे उद्याची तलफ किती जोरात येईल याचा त्या क्षणी अंदाजच येत नाही, आणि सकाळी उठल्या उठल्या ती येते तेव्हा रात्रीचा निश्चय दुसऱ्याच कुणाचातरी वाटतो. रात्रभरात निकोटिन उतरलेलं असतं म्हणून चिडचिड होते, पहिला झुरका ती घालवतो, आणि श्रेय मिळतं "टेन्शन कमी झालं" म्हणून, पण ते टेन्शन आणलं कुणी हे कुणी विचारत नाही.

अशी वर्षं जातात, आणि मग शेवटचं ठरलेलं वाक्य, एवढी ओढली, आता सोडून काय उपयोग. त्याच ब्रिटिश डॉक्टरांच्या अभ्यासात याचाही हिशोब आहे. तिशीला सोडली तर जाणारी जवळपास सगळीच १० वर्षं वाचतात, चाळीसला सोडली तर साधारण ९, पन्नासला ६, आणि साठीला सोडली तरी ३.