इंग्लंडचा केअर ॲक्ट: काळजीचा हक्क आणि कौन्सिलचे कर्तव्य

इंग्लंडमध्ये एखाद्या वृद्ध किंवा दिव्यांग व्यक्तीला अंघोळ, जेवण, कपडे बदलणे किंवा रात्री उठून शौचाला जाणे यांसाठी दुसऱ्याचा आधार लागू लागला, तर तो मिळवून देण्याची जबाबदारी रुग्णालयावर नसते. ती स्थानिक कौन्सिलवर, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारख्या संस्थेवर, असते. आजारावर राष्ट्रीय आरोग्य सेवा मोफत उपचार करते. रोजच्या जगण्यासाठी लागणारी काळजी मात्र सामाजिक सेवेत मोडते आणि तिचा खर्च कोणी करायचा हे त्या व्यक्तीची मिळकत व बचत पाहून ठरते. दुसऱ्या महायुद्धानंतर झालेली ही विभागणी आजही कायम आहे. तिच्या आत कौन्सिलने नेमके काय करायला बांधील असावे, या प्रश्नावर इंग्लंडचा कायदा साठ वर्षांहून अधिक काळ अडखळत राहिला.

१९४८ च्या नॅशनल असिस्टन्स ॲक्टच्या पहिल्याच कलमाने जुना गरिबांचा कायदा रद्द केला. त्यासोबत वृद्ध आईवडिलांना पोसण्याचे मुलामुलींवरचे कायदेशीर बंधनही इंग्लंडमधून गेले. महाराष्ट्रातल्या वाचकांनी येथे क्षणभर थांबायला हवे, कारण भारताने २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा करताना नेमकी उलट दिशा धरली. आपल्याकडे आईवडील न्यायाधिकरणाकडे दाद मागतात ती मुलांविरुद्ध; इंग्लंडमध्ये तीच दाद कौन्सिलविरुद्ध मागावी लागते.

परंतु १९४८ च्या कायद्याने कौन्सिलवर टाकलेली कर्तव्ये बहुतांशी ढोबळ होती. पुढे प्रत्येक पिढीने जुन्या कायद्याला नवे ठिगळ लावले. १९७० च्या कायद्याने दिव्यांगांना घरी मदत देण्याचे कर्तव्य आणले, १९९० च्या कायद्याने गरजांचे मूल्यमापन बंधनकारक केले, १९९५ मध्ये घरच्या काळजीवाहकांची दखल घेतली गेली आणि १९९६ मध्ये सेवेऐवजी थेट रक्कम देण्याची मुभा मिळाली. जुने मात्र काहीच गेले नाही. दिव्यांगांविषयीचे १९४८ मधले शब्द, जे आज कोणी तोंडावर उच्चारणार नाही, ते एकविसाव्या शतकातही कायद्याच्या पुस्तकात छापले जात होते. आपल्याला कोणत्या कायद्याखाली काय मिळू शकते, हे ज्याला मदत हवी होती त्यालाच कळेनासे झाले होते, आणि अनेकदा ते कौन्सिलच्या अधिकाऱ्यांनाही सांगता येत नसे.

या गोंधळाची किंमत न्यायालयात दिसली. १९९४ मध्ये ग्लॉस्टरशायरमधील एका आजारी, एकट्या राहणाऱ्या वृद्धाची घरसफाई आणि कपडे धुण्याची मदत कौन्सिलने पैशांअभावी बंद केली. त्याच्या गरजेत काहीच बदल झाला नव्हता. १९९७ मध्ये, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा मताने निकाल दिला की गरज किती आहे हे ठरवताना कौन्सिल आपल्या तिजोरीकडे पाहू शकते. या निकालानंतर तीच व्यक्ती एका कौन्सिलच्या हद्दीत गरजू ठरे आणि शेजारच्या हद्दीत ठरत नसे.

दुसरे प्रकरण लंडनच्या केन्सिंग्टन अँड चेल्सी कौन्सिलचे आहे. स्कॉटिश बॅलेतील एका माजी प्रमुख नर्तकीला पक्षाघाताच्या झटक्यानंतर रात्री कमोडपर्यंत जाण्यासाठी सोबतीची गरज होती. तिचा लघवीवरचा ताबा गेलेला नव्हता. तरीही रात्रीच्या मदतनिसाचा खर्च वाचावा म्हणून तिने शोषक पॅड वापरावेत, असे कौन्सिलने ठरवले. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने कौन्सिलची बाजू उचलून धरली. विरोधी मत न्यायाधीश लेडी हेल यांचे होते. पुढे स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने काही काळापुरता तिच्या खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे मान्य केले, पण मूळ व्यवस्था चुकीची ठरवली नाही. शौचाला जाऊ शकणाऱ्या माणसाला अंथरुणातच लघवी करायला सांगणे कायद्यात बसत असेल, तर दोष एका कौन्सिलपुरता राहत नाही. तो कायद्याच्या रचनेतच असतो.

त्या रचनेची तपासणी तोवर सुरू झाली होती. इंग्लंड आणि वेल्सच्या विधी आयोगाने २००८ मध्ये काम हाती घेतले आणि मे २०११ मध्ये अहवाल दिला. विखुरलेले कायदे रद्द करून एकच सुसंगत कायदा करावा आणि त्याच्या मुळाशी व्यक्तीचे हित असावे, ही त्याची मुख्य शिफारस होती. त्यातून साकारलेल्या केअर ॲक्टला १४ मे २०१४ रोजी राजसंमती मिळाली आणि त्याचा मोठा भाग १ एप्रिल २०१५ पासून इंग्लंडमध्ये लागू झाला. वेल्सने २०१४ मध्येच स्वतःचा वेगळा कायदा केला.

आता या कायद्याच्या आत पाहू. पहिले कलम सांगते की काळजीविषयीचे कोणतेही काम करताना कौन्सिलने त्या व्यक्तीचे सर्वांगीण हित जपले पाहिजे, आणि त्या हितात सन्मान हा पहिला घटक आहे. नवव्या कलमानुसार एखाद्या प्रौढ व्यक्तीला काळजीची गरज असू शकते असे दिसले, की तिच्या गरजांचे मूल्यमापन करणे भाग असते. मग ती गरज किती मोठी आहे किंवा तिच्या खात्यात किती पैसे आहेत, हे तेव्हा पाहायचे नसते. अठराव्या कलमानुसार पात्र ठरलेली गरज भागवणे कौन्सिलवर बंधनकारक होते. मात्र गरज पात्र ठरल्यावर आधी पैशांची कसोटी लागते.

खरा बदल पात्रतेच्या नियमांत आहे, आणि माझ्या मते या सुधारणेतील सर्वात मोलाचा भाग तोच आहे. पूर्वी आपला उंबरठा किती वर ठेवायचा हे प्रत्येक कौन्सिल ठरवत असे. आता देशभर एकच मोजमाप आहे. खाणेपिणे, स्वच्छता, शौच, अंगावर योग्य कपडे असणे, घरात सुरक्षित वावरणे, नातीगोती टिकवणे, नोकरी वा शिक्षण, मुलांचा सांभाळ अशा दहा बाबी नियमांत दिल्या आहेत. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे त्यांपैकी दोन किंवा अधिक बाबी जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर ठळक परिणाम होत असेल, तर गरज पात्र ठरते. ‘जमत नाही’ याची व्याख्याही माणुसकीने केलेली आहे. समजा, संधिवात असलेल्या एका आजोबांना सदऱ्याची बटणे स्वतः लावता येतात, पण त्याला अर्धा तास लागतो आणि बोटे असह्य ठणकतात. कागदावर ते स्वतः कपडे घालतात. नियमानुसार मात्र ते जमत नाही असेच धरावे लागते, कारण लक्षणीय वेदना किंवा बराच जास्त वेळ लागणे म्हणजेही असमर्थता. मूल्यमापनासाठी घरी आलेल्या अधिकाऱ्याने ‘कपडे घालता का?’ एवढेच विचारून ‘हो’ लिहून घेतले, तर ते मूल्यमापन अपुरे ठरते.

काळजीवाहकांची बाजूही येथे भक्कम झाली. पूर्वी पत्नीने, मुलाने किंवा सुनेने बऱ्याच प्रमाणात आणि नियमित काळजी घेत असल्याचे दाखवून मूल्यमापन मागावे लागे. आता त्यांना आधाराची गरज असावी असे दिसले की पुरेसे आहे, आणि त्यांची पात्र गरज भागवण्याचे कर्तव्यही कायद्यात आले. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाकडे कायद्याने इतक्या उशिरा पाहावे, याची खंत वाटते.

अशीच आणखी काही कर्तव्ये प्रत्यक्ष अनुभवातून आली. २०११ मध्ये सदर्न क्रॉस ही मोठी केअर होम कंपनी कोसळली, तेव्हा तिच्या सुमारे ३१,००० रहिवाशांचे भवितव्य टांगणीला लागले होते. म्हणून आता सेवा देणारी संस्था बंद पडली, तर स्वतःच्या पैशाने राहणाऱ्यांचीही तात्पुरती सोय कौन्सिलला करावी लागते. एका कौन्सिलच्या हद्दीतून दुसऱ्या हद्दीत घर हलवले, तर नव्या कौन्सिलने स्वतःचे मूल्यमापन होईपर्यंत जुनी मदत चालू ठेवायची असते. छळ किंवा दुर्लक्षाची शंका आली, तर चौकशी करणे बंधनकारक आहे.

पैशांच्या बाजूने मात्र ही सुधारणा अर्धवट राहिली, आणि हे सांगताना शब्द मऊ करण्याचे कारण नाही. काळजीवर एका माणसाला आयुष्यभरात कमाल किती खर्च करावा लागावा याची मर्यादा असावी, असे अँड्र्यू डिल्नॉट यांच्या आयोगाने २०११ मध्ये सुचवले होते. कायद्यात त्याची तरतूद झाली आणि ७२,००० पौंडांची मर्यादा एप्रिल २०१६ पासून येणार होती. जुलै २०१५ मध्ये ती पुढे ढकलली गेली व नंतर बारगळली. २०२१ मध्ये ८६,००० पौंडांची नवी घोषणा झाली, तीही आधी ऑक्टोबर २०२५ पर्यंत लांबली आणि जुलै २०२४ मध्ये रद्द झाली. दरम्यान २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असलेल्याने काळजीचा पूर्ण खर्च स्वतः करावा, ही रेघ २०१० पासून तशीच आहे. महागाई वाढत गेली आणि रेघ जागची हलली नाही, म्हणजे दरवर्षी थोडी थोडी माणसे कौन्सिलच्या मदतीबाहेर ढकलली गेली. कौन्सिलचीही स्थिती बिकट आहे, कारण कर्तव्य संसदेने ठरवले आणि त्याला पुरेसा निधी मात्र दिला नाही. कोविडच्या काळात तर काही कर्तव्ये शिथिल करण्याची मुभा कायद्याने दिली आणि आठ कौन्सिलांनी ती वापरली. जानेवारी २०२५ मध्ये लुईस केसी यांच्या अध्यक्षतेखाली काळजीव्यवस्थेवरील नव्या आयोगाची घोषणा झाली असून त्याचा अंतिम टप्पा २०२८ मध्ये अपेक्षित आहे.

लंडन, लेस्टर किंवा बर्मिंगहॅममध्ये आईवडिलांसोबत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी या कायद्यातून तीन गोष्टी निघतात. बचत जास्त आहे म्हणून मूल्यमापन नाकारता येत नाही. मूल्यमापन स्वतंत्रपणे समजून घेणे कठीण असेल आणि मदतीला योग्य व्यक्ती नसेल, तर कौन्सिलने स्वतंत्र प्रतिनिधी द्यावा लागतो. आणि निर्णयाची लेखी प्रत मागून घ्यावी, कारण तक्रार कौन्सिलकडून सुटली नाही तर पुढे अशा तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या लोकपालाकडे जाताना तीच आधार ठरते. इमिग्रेशनच्या अटींखाली आलेल्या पालकांसाठी मात्र एक मर्यादा आहे: त्यांची गरज केवळ निर्धनतेतून उद्भवलेली असेल, तर एकविसावे कलम कौन्सिलला ती भागवू देत नाही, ती आजारातून किंवा अपंगत्वातून आलेली असेल, तर हे कलम आडवे येत नाही.