दगड तोच, ऊन वेगळं

नमस्कार श्रोतेहो. वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, उभे आहेत. झिजलेला वीरगळ भर दुपारी नुसता धोंडा दिसतो. सकाळी तिरपं ऊन आलं की त्यातूनच घोडा, ढाल, तलवार वर येतात. दगड तोच, ऊन वेगळं. अशा वेगवेगळ्या उन्हांतल्या फोटोंवरून दगडाचा उंचसखलपणा गणितानं काढता येतो.

पण आधी मंगळावर जाऊन येऊ. २५ जुलै १९७६. नासाचं वायकिंग-१ यान मंगळाभोवती घिरट्या घालत, मागून येणाऱ्या वायकिंग-२ साठी उतरायला जागा हुडकत होतं. १,८७३ किलोमीटर उंचीवरून त्यानं एक फोटो धाडला, आणि त्यात चक्क माणसाचा चेहरा! कपाळ, डोळ्याची खोबण, नाक, तोंड. रुंदी दीड किलोमीटर. सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम २० अंश, त्यामुळे निम्मा चेहरा काळोखात. दुसरा डोळा बघणाऱ्यांनी आपल्या मनानंच काढला. नाकपुडी वाटणारा काळा ठिपका म्हणजे तर पृथ्वीकडे येताना गळालेली माहिती. नासानं फोटो दाखवतानाच सांगितलं होतं, हा उजेड-सावलीचा खेळ आहे. ऐकतो कोण? वीस वर्षं पुस्तकं खपली, मंगळावरच्या नगरांच्या गप्पा रंगल्या. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, हे मंगळाचं नशीब. मग एप्रिल १९९८ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानानं वेगळ्या उन्हात तीच जागा टिपली, आणि ८ एप्रिल २००१ ला आणखी स्वच्छ. निघालं काय? सपाट माथ्याची टेकडी. पाचगणीच्या टेबललँडची लांबची बहीण म्हणा!

तर, एक ऊन फसवतं. पापडाचं सूप उन्हाकडे कलतं केलं की ऊन जास्त लागतं. दगडाच्या प्रत्येक ठिपक्याचंही तसंच. तो कुठल्या दोन दिशांना किती कललाय आणि मुळात किती काळा-गोरा आहे, ही तीन कोडी. म्हणून निदान तीन फोटो, तीन वेगळ्या उन्हांतले. पुन्हा सांगतो: तीन उन्हं.

आणि इथंच बहुतेकांची फसगत होते: तीन फोटो झाले म्हणजे तीन उन्हं झाली असं वाटतं. शेजारी एक मीटरची काठी ओळंब्यात रोवा. दर फोटोला सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. त्या टोकापासून काठीच्या टोकापर्यंत सुतळी ताणली की सूर्याची दिशा मिळाली. सावली काठीएवढी असेल तर सूर्य ४५ अंशांवर. २१ मार्चच्या सुमारास हे खडे एका सरळ रेषेत येतात. रेषा सरळ आली की समजा, सगळी उन्हं एकाच पातळीतली आहेत; तीस फोटो काढले तरी ते दोनच उन्हांच्या मोलाचे. तिसरं कोडं सुटत नाही. डिसेंबरात खड्यांची कमान होते, तेव्हा काम जमतं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या दगडासाठी डिसेंबरात एक दिवस आणि फेब्रुवारीअखेर एक दिवस, कॅमेरा अगदी त्याच जागी. साताऱ्यात दुपारचा सूर्य तेवढ्यात ४९ अंशांवरून ६४ वर चढतो. एप्रिल-मे नको, सकाळ-संध्याकाळी ऊन उत्तरेकडून येतं आणि हा दगड सावलीत जातो.

मोबाइलचा कॅमेरा प्रो मोडवर, म्हणजे सगळं आपल्या हातात. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), शटर (उजेड आत येण्याचा वेळ) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) एकाच आकड्यावर बांधलेले, फाइल रॉ, म्हणजे फोननं न सजवलेली. ऑटोवर ठेवलात तर फोन प्रत्येक फोटो सारखाच उजळ करून देतो आणि आपल्याला हवा तो फरकच पुसतो. दर फोटोनंतर लगेच, लांबून छत्री धरून फक्त थेट ऊन अडवा आणि दुसरा फोटो घ्या. हा आभाळाचा उजेड. पहिल्यातून वजा करायचा. ज्या फोटोत एखादा ठिपका सावलीत असेल, तिथं त्या ठिपक्यापुरता तो फोटो सोडून द्यायचा.

अक्षरं दिसावीत म्हणून दगडाला खडू किंवा पीठ चोळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ऑइल पेंट फासणाऱ्यांचा त्याहून जास्त. शेंदूर-तेलाचा दगड चमकतो. चमक एकाच बाजूला उसळते आणि गणित तिथं नसलेला खड्डा दाखवतं. ओला दगडही तसाच. दव पुरतं वाळल्यावरच पहिला फोटो घ्या.