वाचून काढले, वाचून टाकले

पडद्यावर दिसते ती नववीतील एका मुलीची पुस्तक-परीक्षणाची वही. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि किंमत या चार ओळी पट्टीने अधोरेखित केलेल्या आहेत. त्याखाली सुरू झालेले कथानक दीड पान चालते आणि अभिप्रायाच्या वाट्याला शेवटच्या तीन ओळी येतात.

शाळकरी परीक्षणात मत नसते, नुसता सारांश असतो, ही तक्रार नेहमीची आहे. ऑस्ट्रेलियात शालेय लेखनप्रकारांचा अभ्यास करताना जोन रॉदरी आणि जे. आर. मार्टिन यांनी परीक्षणाचे संदर्भ, आशयवर्णन आणि मूल्यमापन असे टप्पे मांडले होते. या वहीत तिन्ही टप्पे आहेत. मधला तेवढा फुगला आहे, कारण पुस्तक खरोखर वाचल्याचा पुरावा शाळेला कथानकातूनच मिळतो.

कॅमेरा ओळींजवळ गेला की मत नेमके त्या सारांशात सापडते. कथानक वर्तमानकाळात चालले आहे: नायक गावी येतो, आजीला भेटतो, विहिरीपाशी थांबतो. मग एकाएकी ‘पण शेवटी त्याने सांगितलंच’ असे वाक्य येते. काळ बदलतो, पुस्तकी एकार जाऊन बोलण्यातला अनुस्वार येतो आणि वर ‘च’ बसतो. विशेषण मात्र एकही नाही. क्रियापदेही असेच काम करतात. ‘वाचले’ ही नोंद झाली, ‘एका बैठकीत वाचून काढले’ यात झपाटा आहे आणि ‘वाचून टाकले’ यात ओझे उतरल्याची सुटका.

याउलट अभिप्रायातले ‘मला हे पुस्तक खूप आवडले, सर्वांनी अवश्य वाचावे’ हे वाक्य कोणत्याही पुस्तकाखाली चालेल. त्यात कर्तेपणही पुस्तकाकडे जाते: पुस्तक असेल तर ‘आवडले’, कादंबरी असेल तर ‘आवडली’, वाचणारी ‘मला’ म्हणून बाजूला उभी. भाषेच्या अभ्यासकाने, आणि खरे तर शिक्षकानेही, आधी ते दीड पान वाचायला हवे.

‘सांगितलंच’खाली लाल रेघ आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार हे रूप पात्राच्या तोंडी चालते, निवेदनात नाही. अर्धा गुण गेला.

मधल्या सुट्टीत हीच मुलगी पायरीवर बसून मैत्रिणीला तेच पुस्तक सांगते, तेव्हा क्रम उलटतो: आधी ‘तू वाचच’, मग कारण, आणि कथानक त्या कारणापुरते. पुढील दोन मिनिटे तिचाच आवाज.