शेजारी कोणीतरी बघत असताना

नमस्कार.

आज समोर बसलेल्यांपैकी बरेच जण ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये दोनदा, तीनदा, काही जण त्याहूनही जास्त वेळा नापास झालेले आहेत, असं मला संयोजकांनी सांगितलं. मी पाच वेळा नापास झाले होते. सहाव्या वेळी पास झाले, आणि आता बरीच वर्षं इतरांना गाडी शिकवते आहे. त्यामुळे मी दोन्ही सीटवरून बोलणार आहे.

पहिल्या टेस्टमधलं मला सगळ्यात ठळक काय आठवतं, तर माझा डावा पाय. क्लचवर ठेवलेला तो पाय थरथरत होता. इतका, की टाच खालच्या रबरी मॅटवर टकटक आपटत होती आणि मला ते ऐकू येत होतं. शेजारी परीक्षक, त्यांच्या मांडीवर कागद. चढावर गाडी थांबवायला सांगितली, थांबवली. निघताना क्लच एकदम सुटला, गाडीने आचका दिला आणि बंद पडली. मग कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. त्यानंतर माझे हात स्टिअरिंगवर होते, पण जीव त्या कागदात अडकला होता. काय लिहिलं असेल? संपलं का सगळं? एवढ्यात डावीकडच्या गल्लीतून सायकल आली. मला ती दिसलीच नाही. ब्रेक परीक्षकांनी दाबला.

घरी येऊन मी सांगितलं, ‘चढावर गाडी बंद पडली म्हणून नापास केलं.’ आणि तसं मी मनापासून मानतही होते. म्हणून पुढचा महिनाभर मी चढावर गाडी उचलण्याचा सराव केला. हाफ क्लचवर गाडी कशी धरायची, हँडब्रेक नेमका कधी सोडायचा, सगळं घोटून घोटून पक्कं केलं. दुसऱ्या टेस्टला चढ अगदी सुरेख गेला. मी मागे गाडी घेताना दगडाला चाक लागलं, आणि मग पुढच्याच चौकात थांबायच्या रेषेवर थांबले नाही. तिसऱ्या वेळी इंडिकेटर विसरले, आणि लगेच लेन बदलताना आरशात बघितलं नाही.

पाचव्यांदा नापास झाल्यावर मी एक गोष्ट केली, जी खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवी होती. पाचही टेस्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत जशा आठवतील तशा कागदावर लिहिल्या, ओळीने, कुठल्या वळणावर काय झालं ते. लिहून झाल्यावर माझं मलाच दिसलं. पाचही वेळा माझी पहिली चूक किरकोळ होती. ज्या चुकीमुळे नापास झाले ती तिच्यानंतर दोन-चार मिनिटांत झालेली होती. मी चढावर, रिव्हर्सला किंवा इंडिकेटरला अडत नव्हते. पहिली चूक झाली की मी तिथेच मागे राहत होते, गाडी मात्र पुढे जात होती.

मला आज मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. आपण नेमके कुठे अडतो हे बहुतेकांना माहीत नसतं. माहीत आहे असं वाटत असतं. त्यामुळे आपण भलत्याच गोष्टीचा सराव करत राहतो.

आता एक कडू गोष्ट आधीच सांगून टाकते. काही वेळा टेस्टचा निकाल अगदी बरोबर असतो. गाडी चालवणं अजून आलेलं नसतं. चौकात कोण कुठून येतंय याचा अंदाज येत नसेल, समोर काही आलं की शिकवणाऱ्यांनाच ब्रेक लावावा लागत असेल, तर नापास होणं हे तुमच्यासाठी आणि रस्त्यावरच्या माणसांसाठी चांगलंच आहे. माझ्या पहिल्या टेस्टमध्ये ती सायकल होती. त्या दिवशी मला पास केलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही शिवतो. म्हणून शिकवणाऱ्यांना स्पष्ट विचारा: गेल्या चार-पाच वेळात तुम्ही मध्ये किती वेळा बोललात, किती वेळा ब्रेक लावलात? उत्तर ‘एकदाही नाही’ असं येत असेल आणि तरीही टेस्टमध्ये फसत असाल, तर दुखणं वेगळं आहे.

आणि तुम्ही एकटे नाही, हे नुसतं धीर द्यायला म्हणून सांगत नाही. ब्रिटनमध्ये १९३५ सालापासून ही टेस्ट सक्तीची आहे. तिथे प्रत्यक्ष रस्त्यावरच्या टेस्टमध्ये पास होणाऱ्यांचं प्रमाण गेली कित्येक वर्षं निम्म्याहून थोडं कमीच राहिलं आहे. म्हणजे चाळीसेक मिनिटांची ती टेस्ट देऊन गाडीतून उतरणाऱ्या दर दोघांपैकी एक जण नापास होऊन उतरतो. तिथल्या नियमात आणखी एक गोष्ट आहे, ती मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. किरकोळ चुका पंधरापर्यंत चालतात. गंभीर किंवा धोकादायक चूक मात्र एकही चालत नाही. देशादेशांत आकडे आणि पद्धती वेगळ्या असतील. पण मला ही गोष्ट आधी कोणी सांगितली असती, की पेनचा आवाज आला म्हणजे निकाल लागला असं नसतं, तर निदान दोन टेस्ट वाचल्या असत्या.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, सात वेळा नापास होऊन. सातही वेळा रिव्हर्स पार्किंगमध्ये. सराव कमी होता म्हणावं, तर रोज तासभर सराव. मी त्यांना म्हटलं, तुम्ही जिथे सराव करता तिथेच मला घेऊन चला. गेलो. त्यांनी एका फटक्यात गाडी लावली, सुबक, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून. मी म्हटलं, आता त्या पलीकडच्या जागेत लावा. तर जमेना. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा गाडी तिरकी. मग त्यांनीच सांगितलं: पहिल्या जागेच्या मागे एक विजेचा खांब होता. तो खांब मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात आला की स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं, हे त्यांनी पाठ केलं होतं. टेस्टच्या मैदानात खांब नव्हता. त्यांना गाडी लावता येत नव्हतीच, त्यांना तो खांब येत होता.

याबद्दल १९७८ सालचा एक प्रयोग फार बोलका आहे. केर आणि बूथ या दोन संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांना खुणेवर छोट्या पिशव्या टाकायला लावल्या. एका गटाने तीन फुटांवरूनच सराव केला. दुसऱ्या गटाने कधी दोन फुटांवरून, कधी चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून एकदाही नाही. शेवटी परीक्षा घेतली ती तीन फुटांवरून. दुसऱ्या गटाचा नेम सरस ठरला. त्या गृहस्थांना मी पुढचे दोन आठवडे एकाच जागी दोनदा गाडी लावू दिली नाही. अरुंद जागा, उताराची जागा, संध्याकाळच्या उजेडात, एकदा पावसात. ते माझ्यावर वैतागले, कारण सराव करताना गाडी पूर्वीपेक्षा वाईट लागत होती. असा सराव होतो तेव्हा मागे पडल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच लोक तो टाळतात. आठव्या वेळी ते पास झाले.

आता भीतीकडे येते. टेस्टच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, सकाळी पोटात गोळा येतो, गाडीत बसलं की हातपाय गळतात. आणि घरचे सांगतात, ‘घाबरू नकोस.’ हे सांगून आजवर कोणाची भीती गेलेली मी पाहिलेली नाही.

१९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. दोन खोक्यांमधून योग्य खोकं ओळखायचं, चुकलं तर विजेचा झटका. ओळखायचं काम सोपं होतं तेव्हा झटका जोरदार असला तरी उंदीर भराभर शिकले. काम अवघड केलं, की जोरदार झटक्याने शिकणं मंदावलं, मध्यम झटका बरा पडला. मला यातला पुढचा अर्थ महत्त्वाचा वाटतो. तेवढ्याच भीतीत सोपं काम निभावतं, अवघड काम मोडतं. मलाही परीक्षक शेजारी बसले तर आज धडधडेल. पण गिअर बदलणं आता माझ्यासाठी सोपं आहे, हात आपोआप जातो, त्यामुळे ती धडधड मला पाडत नाही. तुमची भीती कमी करायच्या मागे लागण्यापेक्षा काम इतकं अंगवळणी पाडा की भीती आली तरी ते मोडू नये. एक गोष्ट तेवढी करा: गाडी सुरू करायच्या आधी तीन-चार वेळा सावकाश श्वास सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावून. त्याने शरीर खरोखर थोडं शांत होतं.

पण अंगवळणी पाडायचं म्हणजे नेमकं काय? माझा अनुभव असा, की टेस्टमध्ये अडकणाऱ्यांपैकी पुष्कळांना गाडी येत असते. शेजारी कोणीतरी न बोलता, लिहीत, बघत असताना गाडी चालवणं त्यांना येत नसतं. ते एक वेगळं कौशल्य आहे, आणि त्याचा सराव आपण कधी करतच नाही. शिकवणारा बोलत असतो, ‘छान’, ‘सोडा’, ‘जरा हळू’ म्हणत असतो. टेस्टच्या दिवशी पहिल्यांदा गाडीत शांतता असते, आणि ती शांतताच अंगावर येते. म्हणून मी शेवटच्या दोन आठवड्यांत विद्यार्थ्याला अनोळखी माणसाबरोबर बसवते. माझ्या ओळखीचे दुसरे शिकवणारे येतात, फक्त सूचना देतात, कागदावर काहीबाही लिहीत राहतात. पहिल्या दिवशी सगळे चुकतात. चौथ्या-पाचव्या दिवशी पेनचा आवाज कानात शिरेनासा होतो.

आणि मी त्यांना मुद्दाम चुका करायला लावते. चालत्या रस्त्यावर नाही, मोकळ्या जागेत. गाडी मुद्दाम बंद पाडा. आता काय करायचं? ब्रेक, हँडब्रेक, क्लच दाबून गिअर न्यूट्रलला, किल्ली, पहिला गिअर, आरसे, खांद्यावरून मागे बघणं, निघायचं. तोंडाने मोठ्याने म्हणत. वीस वेळा, तीस वेळा. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून सुरक्षित निघणं ही मला गाडी चालवण्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते. पास झाल्यावरही गाडी कुठेतरी बंद पडणारच आहे, तेव्हा शेजारी परीक्षक नसेल, मागे हॉर्न वाजवणारी रांग असेल.

आता लाजेबद्दल थोडंसं, कारण त्यावर बोलायला लोकांना जड जातं. तिसऱ्या-चौथ्या वेळी नापास झालं की गाडीपेक्षा माणसं जास्त त्रास देतात. ‘अजून नाही झालं?’ हा प्रश्न वाईट हेतूने कोणी विचारत नाही, पण लागतो. मी शेवटच्या टेस्टची तारीख घरात फक्त एकाला सांगितली होती. काहींना सगळ्यांना सांगून बरं वाटतं. तसं असेल तर तसं करा. पण लाजेपोटी दोन-तीन महिने स्टिअरिंगला हात न लावणं, किंवा त्याच रागात दुसऱ्या दिवशी पुढची तारीख घेणं, ही दोन्ही मी होता होईल तो करू देत नाही. निकालानंतरच्या दोन दिवसांत तो कागद लिहून काढायचा, आठवण ताजी असते तोवर. आणि आठवड्याच्या आत पुन्हा गाडीत बसायचं, टेस्टसाठी नाही, नुसतं कुठेतरी जाऊन यायला.

दक्षिण कोरियातल्या चा सा-सून या बाईंची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २०१० साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांना लायसन्स मिळालं, ९६० व्या प्रयत्नात. सगळीकडे ती चिकाटीची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ती चिकाटी आहेच. पण मी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघते. त्यातले साडेनऊशेच्या आसपास प्रयत्न लेखी परीक्षेचे होते. शिक्षण फारसं झालेलं नसल्यामुळे त्यांना अक्षरं वाचता यायची, पण परीक्षेतल्या तांत्रिक शब्दांचा अर्थ लागत नव्हता. अडचण शब्दांत होती. शिकवणाऱ्यांनी तिथे मेहनत घेतली, आणि एकदा लेखी परीक्षा पार पडल्यावर उरलेलं सगळं दहाएक प्रयत्नांत झालं. त्या बाईंपुढे मी मनापासून हात जोडते. आणि प्रत्येक वेळी मनात येतं, कोणीतरी पाचव्या प्रयत्नानंतरच शेजारी बसून विचारलं असतं, बाई, तुम्हाला यातला कुठला शब्द कळत नाही, तर?

सहाव्या टेस्टबद्दल सांगून थांबते. परीक्षक तेच होते, पहिल्या टेस्टचे. चढ तोच. मी गाडी थांबवली, त्यांनी निघायला सांगितलं, आणि क्लच सुटला. गाडी आचका देऊन बंद पडली. पेनचा आवाज आला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. ब्रेक. हँडब्रेक ओढला. क्लच दाबला, गिअर न्यूट्रलला. किल्ली फिरवली. पहिला गिअर, दोन्ही आरसे, मान वळवून मागे बघितलं. डावीकडून एक सायकल येत होती. मी तिला जाऊ दिलं. मग हाफ क्लचवर गाडी धरली, हँडब्रेक सोडला, आणि गाडी चढावरून वर निघाली.

‘पुढच्या चौकात डावीकडे घ्या,’ परीक्षक म्हणाले.